रिळापासून सुईपर्यंत

दोरा तुटला की शिवणाऱ्याचा हात सवयीने टेन्शनच्या स्क्रूकडे जातो. अर्धा फेरा घट्ट, अर्धा फेरा सैल. मग सुई बदलायची, मग बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळायचा, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीनचं हेड उचलून मेकॅनिककडे न्यायचं. या सगळ्या शोधात एक जागा मात्र हमखास सुटते. रीळ जिथे बसवलेलं असतं, तिथे कुणी बघत नाही. माझं मत असं की घरगुती मशीनच्या दोऱ्याबद्दलच्या निम्म्या तक्रारींचा तपास तिथूनच सुरू करावा. एक तर तो तपास फुकट होतो, आणि दुसरं म्हणजे त्यात काही बिघडत नाही. टेन्शनचा स्क्रू फिरवल्यावर आधी तो कुठे होता हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

नांदेड-लातूरकडच्या घरांत अजूनही दिसणाऱ्या काळ्या पायमशीनवर रीळ बसवायचे दोन खिळे असतात. एक आडव्या हाताच्या माथ्यावर, दुसरा बहुधा उजवीकडे खाली, चाकाजवळ. खालचा बॉबिन भरण्यापुरता, वरचा शिवण्यासाठी. ही रचना फार जुनी आहे. आयझॅक सिंगरने आपल्या मशीनचं पेटंट १८५१ साली घेतलं. पुढे ‘सिंगर १५’ नावाचा नमुना इतका चालला की जगभर त्याच्या नकला निघाल्या, आणि आपल्याकडची बहुतेक काळी मशीनं त्याच घराण्यातली आहेत. त्या काळात दोरा लाकडी रिळावर येई. लाकडाचं वजन, नेमकं भोक आणि खालवर रुंद कडा असं सगळं गृहीत धरून तो खिळा ठोकलेला आहे. लाकडी रिळं गेली. प्लॅस्टिकच्या पोकळ नळ्या, कागदी पुठ्ठ्याच्या नळ्या आणि शंकूसारखे मोठे कोन आले. खिळा मात्र तोच राहिला.

यात काय बिघडतं ते कळण्यासाठी आधी मशीन दोरा कसा मागतं ते पाहिलं पाहिजे.

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई कापडातून खाली जाते आणि परत वर येऊ लागते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा एक छोटा फुगा तयार होतो. शटलचं टोक तो फुगा पकडतं, मोठा करतं आणि बॉबिन केसवरून ओढून नेतं. एवढा वळसा पडायला सहा-सात सेंटिमीटर दोरा खाली जावा लागतो. पण टाका असतो जेमतेम अडीच मिलिमीटरचा. म्हणजे खाली गेलेला बहुतेक दोरा परत वर यायला हवा. हे काम समोर वरखाली नाचणारी, टोकाला भोक असलेली दांडी करते. तिला टेकअप म्हणतात. ती झटकन वर जाते, वळसा सोडवून घेते, दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात ओढून बसवते, आणि अगदी वरच्या टोकाशी पोचताना, शेवटच्या त्या क्षणी, टेन्शनच्या चकत्यांमधून रिळावरचा नवा दोरा खेचून घेते. किती? साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर. बस, तेवढाच.

या हिशोबातून एक गंमत निघते. दोऱ्याचा एकच ठिपका टाक्यात कायमचा बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून वीसएक वेळा वरखाली घासून गेलेला असतो. म्हणून खडबडीत नेढ्याची सुई दोऱ्याला पिंजते. पण आपल्याला इथे हवी आहे ती दुसरी गोष्ट. रिळावरून दोरा सलग वाहत नाही. तो झटक्या-झटक्याने जातो, दर टाक्याला एक झटका. पायमशीनवर मिनिटाला काहीशे, कारखान्यातल्या मशीनवर चार-पाच हजार. प्रत्येक झटका चिमूटभर लांबीचा, पण अचानक येणारा. चकत्यांचं काम त्या झटक्याला ठरावीक विरोध करणं. चकत्यांच्या मागे, रिळापाशी, आणखी विरोध असला तर तो चकत्यांच्या विरोधाला जोडला जातो. तो विरोध कायम सारखा असता तर स्क्रू थोडा सैल करून भागलं असतं. अडचण ही की रिळापाशी होणारी ओढ कधीच सारखी नसते. आत्ता हलकी, चार टाक्यांनी जड, मग एकदम शून्य. स्क्रू कितीही फिरवा, बदलत्या ओढीवर एकच आकडा लागू पडत नाही. रिळाचा खिळा असो, दुकानात मिळणारं स्टँड असो, की घरी तारेचं केलेलं काही असो, त्याची परीक्षा एकाच प्रश्नाने होते: दोरा सुटताना प्रत्येक वेळी सारख्याच हलक्या हाताने सुटतो का?

आता रीळ आणि कोन यांतला फरक. साध्या रिळावर दोरा वेढ्याला वेढा लावून, शेजारीशेजारी बसवलेला असतो, विहिरीच्या रहाटावर दोर बसतो तसा. असा दोरा बाजूनेच सुटायला हवा, म्हणजे रिळाने फिरायला हवं. कोनवर किंवा मोठ्या नळीवर दोरा तिरप्या फुल्या-फुल्यांनी गुंडाळलेला असतो. तो वरच्या टोकावरून सुटायला हवा, आणि कोनने फिरता कामा नये. हातात घेऊन पाहिलं तर फरक लगेच दिसतो. दोऱ्याच्या रेघा आडव्या समांतर दिसल्या तर फिरतं ठेवा. जाळीसारखा तिरपा छेद दिसला तर स्थिर ठेवा आणि डोक्यावरून दोरा घ्या. निम्मी अर्धी भांडणं इथेच मिटतात.

फिरणाऱ्या रिळाची खोड अशी की ते थांबायला तयार नसतं. शिवताना पाय थांबतो, मशीन थांबतं, पण भरलेलं रीळ गतीत असल्याने आणखी अर्धा-पाऊण वेढा फिरतं. तेवढा दोरा सैल पडतो, खाली घसरतो आणि खिळ्याच्या बुडाशी गुंडाळला जातो. पुढच्या टाक्याला तो तिथे अडतो. मशीन ओढतं, रीळ फिरत नाही, दोरा तुटतो. तुटलेलं टोक सुईजवळ सापडतं, म्हणून संशय सुईवर जातो. यावर जुना उपाय आहे आणि तो मशीनबरोबरच येत असे: रिळाखाली नमद्याची छोटी गोल चकती. ती रिळाला किंचित धरून ठेवते. ती हरवली की पुन्हा कुणी आणत नाही. जुन्या लोकरी कपड्याची, मधे भोक पाडलेली रुपयाएवढी चकती तेच काम करते. प्लॅस्टिकच्या रिळाचं भोक खिळ्यापेक्षा बरंच मोठं असेल तर ते डगमगत फिरतं आणि प्रत्येक फेरीत ओढ एकदा कमी, एकदा जास्त होते. त्यासाठी थंड पेयाच्या नळीचा तुकडा खिळ्यावर चढवला की भोक भरून निघतं. आणखी एक, अगदी बारीक, पण हट्टी कारण म्हणजे रिळाच्या कडेला दोऱ्याचं टोक अडकवायला ठेवलेली खाच. ती वर राहिली तर सुटणारा दोरा मधूनच तिच्यात अडकतो. रीळ उलटं करून खाच खाली घालायची, काम झालं. त्यानंतर दोरा उलट्या बाजूने सुटतो, त्याची चिंता नको.

खिळ्यावर न बसणारा कोन घराघरात आला तो एकाच रंगाच्या भरपूर कामामुळे. साध्या शर्टाला शंभरेक मीटरच्या वर दोरा सहज जातो. शिवणीच्या लांबीच्या अडीचपट दोरा, वरचा आणि खालचा मिळून, हा ढोबळ हिशोब शिंपी आणि कारखाने दोघेही धरतात. छोट्या रिळावर शे-दोनशे मीटर असतो, कोनवर काही हजार. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गणवेश शिवायला बसलेल्या बाईला रोज नवं रीळ परवडत नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे सोपवली, आणि डिसेंबरात ती व्यवस्था बदलून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. धोरण आलं-गेलं, पण एका रंगाचे ढीगभर कपडे घरच्या मशीनवर शिवण्याचा प्रश्न त्याआधीही होता, आजही आहे. कोन स्वस्त पडतो. फक्त तो खिळ्यावर बसत नाही, आणि बळेच बसवला तर दोरा सारखा सुटत नाही.

म्हणून स्टँड. शिवणकामाच्या कारखान्यात प्रत्येक टेबलामागे ते उभं असतं: खाली बैठक, तिच्यावर कोन बसवायचा खुंट, आणि मागून वर गेलेली नळी, जिच्या टोकाला दोरा ओवायचा कान. ओव्हरलॉक मशीनवर तर तीन ते पाच कोनांसाठी ते मशीनलाच जोडलेलं येतं, रेडिओच्या अँटेनासारखं ओढून लांब करता येणारं. बऱ्याच घरांत ती नळी अर्धीच ओढलेली दिसते. पूर्ण ओढायची असते.

कारण सगळी करामत त्या कानाच्या जागेत आहे. कान कोनच्या टोकाच्या बरोबर डोक्यावर हवा, सरळ ओळंब्यात. तो बाजूला कलला तर सुटणारा दोरा कोनच्या एकाच कडेला घासत जातो. प्रत्येक वेढ्यात ओढ एकदा वाढते, आणि टिपेत ठरावीक अंतराने टाके आवळलेले दिसतात. उंचीचा नियम असा की कान कोनच्या उंचीच्या साधारण अडीचपट वर असावा. इतकं अंतर का? कोनवरून दोरा गोल फिरत सुटतो आणि हवेत त्याचा एक फुगीर घेर होतो. कान खाली असेल तर तो घेर मावत नाही, दोरा कोनच्या खांद्याला घासत वर येतो. कान फारच वर नेला तर सैल दोरा वाऱ्याने डुलतो आणि स्वतःशीच गुंततो. अकरा सेंटिमीटरचा कोन असेल तर बुडापासून कान सत्तावीस-अठ्ठावीस सेंटिमीटरवर. पंधरा सेंटिमीटरचा असेल तर सदतीस-अडतीस.

इथे नांदेडच्या कामातली एक अडचण सांगायला हवी, कारण दोरा डोक्यावरून घेण्याचा नियम आंधळेपणाने पाळला तर ती पदरात पडते. सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे या शहरात रुमाला, चोला, चंदोवा अशा धार्मिक वस्त्रांच्या शिलाईला मागणी असते, आणि त्यात जरीचा, चमकणारा दोरा येतो. हा दोरा बहुतेक वेळा गोल नसतो. बारीक चपट्या पट्टीसारखा असतो. आता टोकावरून सुटणाऱ्या दोऱ्याचा हिशोब पाहा. वरून काढलेल्या प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्याला एक पीळ पडतो. वीस सेंटिमीटर घेराच्या कोनवर मीटरला पाच पीळ. साध्या दोऱ्यात आधीच मीटरला शेकडो पीळ असतात, त्यात पाचांनी काही होत नाही. पण सात सेंटिमीटर घेराच्या छोट्या जरीच्या रिळावरून डोक्याकडून दोरा घेतला तर मीटरला चौदा पीळ पडतात, आणि पट्टीला स्वतःचा पीळ मुळीच नसतो. ती आवळते, कुरळी होते, टेन्शनच्या चकत्यांत कडेवर उभी राहते आणि तुटते. जरीचं रीळ म्हणून बाजूनेच, फिरतं ठेवून वापरायचं. स्टँडवर आडवी सळई लावून त्यावर ते ओवलं तर उत्तम. कोनसाठी घेतलेल्या महागड्या स्टँडला दोष देण्याआधी हे लक्षात घेतलेलं बरं.

पिको-फॉलच्या दुकानांचा प्रश्न वेगळा. तिथे दर साडीला रंग बदलतो, म्हणून भिंतीवरच्या फळीवर खिळ्यांच्या ओळी आणि त्यांवर रंगीत रिळं. कोनचा तिथे उपयोग नाही. खिळा आणि नमद्याची चकती एवढंच नीट ठेवलं तरी पुरे.

दोऱ्याच्या सारख्या ओढीची कसोटी लागावी असं एक काम मात्र नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांत मिळून होतं. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचं खादी कापड विणलं जातं आणि नांदेडला ध्वज शिवले जातात. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन मशीनवर केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली, पण देशात खादीचा ध्वज बनवणारी जी मोजकी केंद्रं आहेत त्यांत नांदेड आहे. ध्वजाचे प्रमाण आकार नऊ. सगळ्यात लहान १५० × १०० मिलिमीटर, सगळ्यात मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटर. मोठ्या ध्वजात केशरी-पांढरा आणि पांढरा-हिरवा असे दोन जोड, प्रत्येक सहा मीटर तीस सेंटिमीटर लांब. अडीच मिलिमीटरचा टाका धरला तर एका जोडात अडीच हजारांवर टाके. प्रत्येक जोडावर एकच टीप धरली तरी दोन्ही मिळून तीस-बत्तीस मीटर दोरा. शर्टाची बाजूची शिवण मधेच तुटली तर पुढून टीप मारून झाकता येते, ती आतच जाते. ध्वजाला आत-बाहेर असं काही नसतं, दोन्ही बाजू दिसतात आणि वाऱ्यात तो जोड फडफडतो. मधेच ओढ वाढून टाके आवळले तर तिथे चुणी पडते आणि ती लांबूनही कळते. सरळ, सारखी, न तुटता सहा मीटर जाणारी टीप हवी असेल तर तिची सुरुवात दोरा सुटतो तिथूनच करावी लागते.

तुमच्या मशीनवर दोष रिळापाशी आहे की नाही हे कळायला स्टँड विकत घ्यावं लागत नाही. चिनी मातीचा जड मग घ्या, त्यात कोन किंवा तिरप्या गुंडाळीची नळी उभी ठेवा आणि तो मग मशीनच्या मागे, उजवीकडे ठेवा. मशीनवरच्या खिळ्याला चिकटपट्टीने एक सेफ्टी पिन बांधा, तिचं छिद्र वर ठेवा आणि दोरा मगमधून वर त्या छिद्रात व तिथून नेहमीच्या वाटेने न्या. दाबाचा पाय उचलून सुईपाशी हाताने दोरा हळू ओढून बघा. पाय उचलला की चकत्या उघडतात, त्यामुळे हाताला जी ओढ जाणवेल ती रिळाकडचीच. ती कुठे अडखळली तर बोटांना लगेच कळतं. मग चिंधीवर हातभर टीप मारा. टीप सुधारली तर गुन्हेगार खिळा. तसंच राहिलं तर सुई, चकत्यांत अडकलेली कापसाची भुकटी, आणि शेवटी स्क्रू, या क्रमाने जा.

मगच्या जागी नंतर कायमचं स्टँड करायचं असेल तर सामान घरातच असतं. वीतभर लांब-रुंद जाड लाकडी फळी घ्या, जितकी जड तितकी चांगली, कारण पायमशीनचं टेबल थरथरतं आणि हलकं स्टँड त्यावर सरकत जातं. फळीच्या मध्यावर उभा खुंट. कोनचं बूड त्यावर डगमगू नये म्हणून खाली योग्य मापाचं प्लॅस्टिकचं झाकण उलटं ठोकून घ्यावं. उभ्या दांडीला जाड तार घ्यावी. सायकलची आरी फूटभराच्या आसपास असते, वर कान वळवण्यात तीन-चार सेंटिमीटर जातात आणि टोक पुढे वाकवण्यातही लांबी जाते, म्हणून ती कमी पडते. दांडी फळीच्या मागच्या कडेला रोवून टोक पुढे वाकवायचं, कान खुंटाच्या बरोबर वर येईल इतकं. ओळंबा म्हणून दोऱ्याला सेफ्टी पिन बांधून कानातून सोडली की चूक दिसते. कान पूर्ण बंद करू नका. डुकराच्या शेपटीसारखा एक-दीड वळसा द्या, म्हणजे दोरा न कापता बाजूने आत घालता येतो. तारेचं कापलेलं टोक पॉलिश पेपरने घासलंच पाहिजे. न घासलेल्या टोकावर दोऱ्याची लव निघते आणि मग सगळ्या खटाटोपाचा उद्देशच संपतो.

विकतचं घेताना पण हेच पाहायचं. बैठक जड आहे का, कान गुळगुळीत आहे का, आणि दांडी वरखाली करता येते का. चकचकीत रंग आणि दोन-तीन जास्तीचे हुक यांना पैसे देण्यात अर्थ नाही. दोन दोऱ्यांचं काम असेल तर मात्र दोन खुंटांचं घ्यावं, आणि दोन्ही कान आपापल्या कोनच्या वर येतात याची दुकानातच खात्री करावी. दोघांच्या मधोमध एकच कान असलेली स्टँडं मिळतात, ती टाळावीत.

हवेचं एक प्रकरण उरतं. सुती दोरा ओलाव्यात बळकट होतो आणि कोरड्या हवेत कमकुवत, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात तो जरा जास्त तुटतो. तो दोष स्टँडचा नाही. पण याच दिवसांत डोक्यावर पंखा पूर्ण वेगात असतो, आणि कोनवरून सुटलेला सैल दोरा त्या वाऱ्यात उडून कानाभोवती, नाहीतर शेजारच्या कोनभोवती फिरतो. भरतकामाचा गुळगुळीत रेयॉन दोरा तर वारा नसतानाही वेढ्याच्या वेढ्याने खाली घसरून बुडाशी साचतो. फळांच्या दुकानात सफरचंदावर फोमची जी जाळी असते ती कोनवर खालून अर्ध्यापर्यंत चढवली की घसरण थांबते. वाऱ्यासाठी मोठ्या तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घ्यावी, तिच्या झाकणाला मधोमध भोक पाडून कडा मेणबत्तीच्या आचेने किंचित वितळवून गुळगुळीत करावी, आणि कोन बरणीत ठेवून दोरा त्या भोकातून काढावा. बरणी कोनपेक्षा बरीच उंच हवी, अडीचपटीचा नियम तिलाही लागू आहे. तेवढी उंच बरणी मिळाली नाही तर लहान बरणी चालते, फक्त तिच्या झाकणाच्या वर पुन्हा तारेचा कान लावावा लागतो.